डाव्या हाताचं दुखणं

१

"चिमाबाई म्हेत्रे हाजिर हैं?"

पट्टेवाल्यानं कोर्टाच्या दारात उभं राहून पुन्हा हाळी दिली. व्हरांड्यातली माणसं एकमेकांकडं बघू लागली. कुणीच उठलं नाही.

सकाळपासून दिपाली जिन्याकडं डोळे लावून बसली होती. चिमाबाई येणार, काठी टेकत येणार, आणि त्या संध्याकाळी दारातून जे बघितलं ते जज्जसाहेबांसमोर सांगणार, या एका गोष्टीवर तिनं इतके दिवस काढले होते. शहाजीनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, लाकडी पाटानं तिचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा चाळीतली सगळी दारं पटापट लागली होती. उघडं राहिलं ते फक्त शेजारच्या चिमाबाईचं.

दिपालीचा भाऊ बिरुदेव त्याच संध्याकाळी धावत आला होता. त्यानं तिला मोटरसायकलवर बसवून आधी दवाखान्यात आणि मग पोलीस ठाण्यात नेलं. "घाबरू नकोस दिपा, मी हाय," एवढंच तो वाटभर म्हणत होता. तेव्हापासून ती त्याच्याच घरी राहत होती.

शहाजी सरकारी खात्यात वाहनचालक. अटक झाल्यापासून तो निलंबित होता. दिपालीच्या आसपास फिरकायचं नाही, फोन करायचा नाही, असा कोर्टाचा आदेशही त्याच्यावर होता. शिक्षा झाली तर नोकरी कायमची जाणार. खटल्याची सगळी मदार त्या एका म्हातारीच्या जिभेवर होती, आणि आज म्हातारीच गायब.

"पुढच्या तारखेला साक्षीदार आली नाही तर तिच्याविनाच पुढं जावं लागेल," साहेब सरकारी वकिलांना म्हणाले.

बाहेर आल्या आल्या बिरुदेव फणफणला. "ह्या शहाजीचंच काम! म्हातारीला दमदाटी करून पळवली बगा, मॅडम."

मॅडम म्हणजे हवालदार तेजश्री सरवदे. ठाण्यातली दिपालीची तक्रार त्यांनीच लिहून घेतली होती आणि हा खटला घरच्या कामासारखा सांभाळला होता. त्यांची नजर दुसरीकडं होती. पलीकडं शहाजी त्याच्या वकिलाच्या कानाशी लागला होता.

"दिपाली, पुकारा झाला तेव्हा तू त्याचं तोंड बघितलंस?"

"न्हाय. मी त्याच्याकडं बगतच न्हाय."

"मी बघितलं. म्हातारी आली नाही याचं सगळ्यात मोठं नवल त्यालाच वाटलं."

२

जुळे सोलापुरातलं बिरुदेवचं घर कोर्टापासून फार लांब नव्हतं. तो एका सरकारी तंत्रशाळेत निदेशक, म्हणजे काम शिकवणारा मास्तर होता. सरकारी पगार, दोन खोल्या वर, दोन खाली. उन्हानं भिंती तव्यासारख्या तापल्या होत्या.

त्याची बायको ऋतुजा चहा घेऊन आली. एक कप आणून ठेवला, आत गेली, दुसरा आणला, पुन्हा आत गेली. बशा वाजत होत्या. 'ताटात घालून एकदम आणायला काय होतं हिला,' असं दिपालीच्या मनात आलं. हल्ली या भावजयीचं वागणंच तुटक झालं होतं.

"तुझा चहा?" तेजश्रींनी विचारलं.

"तिला नको," बिरुदेव म्हणाला. "ती कुटं घेती ह्या येळंला."

ऋतुजा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. मग एकदम म्हणाली, "मॅडम, साक्षच झाली न्हाय तर मानूस सुटतो व्हय?"

"सुटू शकतो."

"मग नोकरी परत मिळती?"

"बहुतेक मिळते."

"आन शिक्षा झाली तर?"

तेजश्रींनी कप खाली ठेवला. "शिक्षा झाली तर सरकारी नोकरी जाते. दुसरीकडं अर्ज केला की चारित्र्य पडताळणीत ते निघतं. पासपोर्टाला आडवं येतं. आणि बाईनं उद्या 'आमचं मिटलं' म्हटलं तरी खटला तेवढ्यानं बंद होत नाही. तो सरकारनं चालवलेला असतो. माणूस सुटून आला तरी त्याची नोंद त्याच्या मागं राहते."

"जल्मभर?"

"तुला काय करायचंय?" बिरुदेव हसत म्हणाला. "जा, भाकरीचं बग."

ऋतुजा आत गेली. दिपालीचं डोकं तडकलं. महिन्याभरात चौथ्या-पाचव्यांदा ही बया तेच विचारत होती, नोकरी जाते का आणि परत मिळते का. एवढा शहाजीचा पुळका कशासाठी?

तेजश्री उठल्या. "चिमाबाईच्या खोलीला कुलूप आहे. शेजारी म्हणतात, गाठोडं घेऊन लेकीकडं वळसंगला गेली. मी निघते. येतेस?"

"मी येतो की," बिरुदेव पुढं झाला.

"नको. बायका बायका बोलतो आम्ही."

३

चिमाबाई वळसंगला लेकीच्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. दिपालीला बघताच तिनं तोंड फिरवलं.

"आता कशाला आलीस? नांद की जाऊन सुकानं."

"मावशी, तुमी साक्षीला का आला न्हाय?"

"आगं, तूच म्हनलीस की येऊ नका!"

दिपाली तिच्यासमोर येऊन बसली. "मी?"

"न्हाय तर कोन? फोनवर ढसाढसा रडत हुतीस. 'मावशी, मी दिपाली. आमचं मिटलं. तुमी साक्ष दिलीसा तर माजा संसार मोडंल. लेकीकडं जाऊन ऱ्हावा.' मला लई राग आला. म्हनलं, आमी म्हाताऱ्या मानसानं वैर घ्यायचं, आन तुमी नवरा-बायकू एक व्हायचं!" बोलता बोलता तिचेही डोळे भरले. "लेकीसारखी मानली तुला. आन माजंच त्वांड काळं केलंस."

"मावशी, शप्पथ! मी फोन केला न्हाय. त्याच्या घरात मी पुन्ना पाऊल टाकनार न्हाय."

चिमाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

तेजश्री तिच्याजवळ सरकल्या. "आवाज ओळखला नाहीस का गं मावशी? शहाजीच्या आईचा असेल."

"गोजाबाईचा? भिताडाला भिताड लावून ऱ्हायली ती माज्या. तिचा भसाडा आवाज मी झोपंत वळकंन. ह्यो कवळ्या बाईचा हुता. आन बाई रडाय लागली की समद्यांचा आवाज सारकाच येतो."

"आणखी काय म्हणाली?"

"मीच इचारलं, हात कसा हाय तुजा? तर म्हनली, 'डावा हात लई दुकतोय, मावशी.' आन फोन ठिवला."

"डावा म्हणाली?"

"डावाच. म्हनलं, मलाच इसराय झालं आसंल."

दिपालीनं आपलं उजवं मनगट पुढं केलं. हाड वाकडं जुळून आलेला उंचवटा उन्हात स्पष्ट दिसत होता. चिमाबाई त्याकडं बघत राहिली.

म्हातारीच्या फोनमध्ये तो नंबर होता. तेजश्रींनी तिथंच लावला. दोन रिंगांत पलीकडून पुरुषाचा आवाज आला, मागं घुंगरांची छुमछुम.

"रसवंती. बोला."

४

रसवंती अक्कलकोट रस्त्यावर शहराच्या तोंडालाच होती. मालक रुद्रप्पा चरकात ऊस सारता सारता बोलत होता. अर्धं मराठी, अर्धं कानडी.

"व्हय, माझाच नंबर. जोडपं आल्तं गाडीवरनं. गडी म्हनला, आमचा फोन बंद पडलाय, येक फोन करू द्या. नाही कसं म्हनायचं? येन माडली, काय करनार?" त्यानं खांदे उडवले. "नंबर त्यानंच लावला. बोलली बाई. लई रडली बिचारी. मला वाटलं, म्हायेरात कोन तरी गेलं असंल."

"माणूस कसा होता?"

"हेल्मेट घालून होता की. काच तेवढी वर केली. रस घेतला येक गिलास. मी म्हनलं, बाई, तुमाला देऊ का? तर ह्योच म्हनला, तिला नको."

तेजश्रींचा हात वहीवर थबकला. दिपाली चरकाकडं बघत उभी होती. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

"बाईनं फोन कुठल्या हातानं धरला होता?"

रुद्रप्पा हसला, मग आठवू लागला. "उजव्या. दुसरा हात पदरात होता. गाडीवर बसताना बी तो हात काय बाहेर काढला नाही तिनं. पडता पडता राहिली."

वाटेत दिपाली म्हणाली, "शहाजीनं कुटली तरी बाई धरून आनली आसंल, मॅडम."

"उद्या ठाण्यात बोलावून विचारू त्याला. तू आतल्या खोलीत बस, दार लोटून. त्याला दिसू नकोस."

५

लोटलेल्या दाराआड बसून दिपालीनं कितीतरी दिवसांनी शहाजीचा आवाज इतक्या जवळून ऐकला.

"मी कशाला म्हातारीला फोन करू, मॅडम? वकिलानं बजावलंय, साक्षीदाराच्या वाऱ्यालाबी उभं ऱ्हायचं न्हाय. जामीन गेला की संपलं. आमच्या वकिलानं तिची उलटतपासणी तयार केलीया. म्हातारीला दिसत न्हाय, हेच दाखवायचं हुतं आमाला."

"फोन करणाऱ्या बाईनं दिपालीच्या हाताचंही सांगितलं. मोडलेल्या डाव्या हाताचं."

"डावा कुटला? उजवा तिचा—" तो अडखळला. "म्हंजे, ती पडली तवाचा."

"जा तू," तेजश्री शांतपणे म्हणाल्या.

तो गेल्यावर त्या आत आल्या आणि दिपालीसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"ज्यानं हात मोडला तो हात विसरत नाही. शहाजीनं बाईला पढवून आणलं असतं, तर ती 'उजवा'च म्हणाली असती. आणि तू चिमाबाईला मावशी म्हणतेस, हे त्या बाईला ठाऊक होतं. म्हणजे तिनं तुला फोनवर बोलताना ऐकलंय."

"कोन आईकनार? मी फोन करते तो सैपाकघरात बसून. तितं फकस्त—"

दिपाली थांबली. मग ताडकन उठली.

"ऋतुजा!"

"थांब. माझं पुरतं ऐकून घे—"

पण दिपाली जिना उतरली होती. ती रिक्षात बसली. शहाजीच्या नोकरीची चौकशी, चहाचे आदळलेले कप, तुटक वागणं, सगळं आता तिला एका माळेत ओवल्यासारखं दिसत होतं. या बाईला आपला तुकडा जड झाला होता. साक्ष फिसकटली की नणंदेला नवऱ्याकडं धाडायची, आणि खालच्या दोन खोल्या मोकळ्या! ताप आला तेव्हा हिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत आपण सकाळ केली होती. तिनं असे पांग फेडले.

ऋतुजा मोरीपाशी भांडी घासत होती.

"तूच केलास न्हवं फोन?" दिपालीनं तिला हाताला धरून ओढलं. "माज्या नावानं रडलीस? शहाजी तुजा कोन लागतो गं?"

ऋतुजा किंचाळली. तशी किंकाळी दिपालीनं फक्त एकदाच ऐकली होती, स्वतःच्या तोंडून. तिची मूठ आपोआप सुटली. पदर घसरला होता. ऋतुजाचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा पडलेला, सुजून दुप्पट झालेला.

"वन्सं," ती जमिनीवर बसत म्हणाली, "मला वाटलं, तुमाला कळंल."

६

तेजश्री दारात येऊन पोचल्या होत्या. त्यांनी काही विचारायच्या आतच बाहेर मोटरसायकल थांबली आणि बिरुदेव आत आला. त्यानं बायकोचा उघडा हात बघितला, हवालदार मॅडम बघितल्या, आणि हेल्मेट टेबलावर ठेवलं.

"पडली मोरीत. म्हनलं हुतं दवाखान्यात चल, आईकत न्हाय."

"बस, बिरुदेव," तेजश्री म्हणाल्या. "मी सांगते, चुकलं तर सांग. चिमाबाईला फोन करणारी बाई दिपालीच्या नावानं बोलत होती, पण दुखणं स्वतःचं सांगत होती. ती चूक नव्हती. शेजारी नवरा उभा, तोंडात त्याचे शब्द. आपला म्हणून एकच शब्द तिला घालता आला, 'डावा'. म्हातारी तो कधी ना कधी दिपालीला सांगेल आणि दिपाली शहाणी आहे, एवढीच तिची आशा. रसवंतीवाल्यानं तिला रस विचारला तर तूच म्हणालास, 'तिला नको'. त्याच दुपारी तुझ्या घरी मी तेच ऐकून आले होते. चहाचे कप एकेक का येत होते, ते मला तेव्हा कळलं."

"मी माज्या भनीची केस कशाला पाडीन?" बिरुदेवचा आवाज चढला. "तिला उचलून मीच आनली!"

"तेच मला उमगत नव्हतं. मग ऋतुजाचे प्रश्न आठवले. शिक्षा झाली की नोकरी जाते का, आणि ते जन्मभर मागं राहतं का. दिपालीला वाटलं ती शहाजीसाठी विचारते. शहाजीचं तिला काय पडलंय? सरकारी नोकरी या घरातही एकाला आहे."

ऋतुजा मान खाली घालूनच बोलली. "मी ह्यांना म्हनलं हुतं, वन्संचा निकाल लागू द्या, मग मीबी ठान्यात जानार. तवाच हाताला धरून पिरगाळलं. म्हनले, 'दिपाचीच केस पडू दे, मग बगू तू कुटल्या जोरावर ठान्यात जातीस.' दुसऱ्या दिशी रसवंतीवर नेलं."

दिपाली भावाकडं बघत होती. वरच्या खोलीतून कधी भांडं पडल्याचा, कधी दार आपटल्याचा आवाज यायचा. सकाळी तो हसत म्हणायचा, मांजर शिरलं हुतं. आणि तिनं ते मानलं होतं, कारण सांगणारा दादा होता.

"दादा, खोटं हाय म्हन."

बिरुदेव तिच्यापुढं उकिडवा बसला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"दिपा, तुज्यासाटी मी रक्ताचं पानी केलं. त्या हरामखोरानं माज्या भनीवर हात टाकला, त्याला मी सोडनार हुतो व्हय? पर हे येगळं हाय गं. हे आमचं घरातलं हाय. नोकरी गेली तर समदीच रस्त्यावर यील, तूबी."

"शहाजीबी हेच म्हनायचा," दिपाली म्हणाली. "घरातलं हाय म्हनून."

त्यानं तिचा हात धरायला हात पुढं केला. ती मागं सरकली. भावाची माया नाटकी असती तर तिला सोपं गेलं असतं. थुंकून पुढं जाता आलं असतं. पण त्या संध्याकाळी तिला गाडीवर बसवून दवाखान्यात नेणारा तोच होता, आणि त्याच हातांनी त्यानं वरच्या खोलीत दुसरीचं मनगट पिरगाळलं होतं.

तिनं ऋतुजाच्या खांद्यावर पदर घातला. "ऊठ. आदी दवाखाना, मग ठानं."

"दिपे, माहेर तुटंल तुजं!" मागून बिरुदेव ओरडला.

ती थांबली नाही.

७

पुढच्या तारखेला चिमाबाई आली. शहाजीच्या वकिलानं तिला दिसत नाही हे दाखवायचा आटापिटा केला, तेव्हा तिनं त्याच्या कोटाचं तुटलेलं बटण कोणतं ते सांगितलं. शहाजीला शिक्षा झाली, आणि काही दिवसांत खात्यानं त्याला कायमचं कमी केलं. त्यानं वरच्या कोर्टात अपील केलं. दोन ठिकाणी ड्रायव्हरचं काम लागता लागता राहिलं. दोन्हीकडं पोलिसांचा दाखला मागितला होता.

दिपालीनं आणि ऋतुजानं विडी घरकुल वसाहतीत एक खोली घेतली. दिपाली टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जायची. ऋतुजाचं मनगट बरं झालं, पण भाकरी थापताना ते अजून कळ देतं. गावाकडून आई आली, दोघींसमोर रडली. "येक पोरगं हाय गं मला, त्याचं तळपट करू नगा," म्हणाली. दिपालीनं तिला जेवू घातलं आणि गाडीत बसवून दिलं. परत येताना रस्त्याच्या कडेला बसून ती एकटीच रडली.

बिरुदेव निलंबित झाला. बायकोला मारल्याचा एक गुन्हा आणि साक्षीदाराला फसवून दूर ठेवल्याचा दुसरा. त्याच्या खटल्यात ऋतुजाची साक्ष झाली, रुद्रप्पाची झाली, आणि मग दिपालीचा पुकारा झाला.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर तिला तो दिसला. वाळला होता, दाढी वाढली होती. तिच्याकडं बघून त्यानं मान किंचित हलवली. लहानपणी शाळेत मास्तर मारायला आले की, 'सांगू नको' म्हणून हलवायचा तशी.

सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपीशी तुमचं नातं काय?"

दिपालीनं बिरुदेवकडं एकदा बघितलं. साहेबांनी मान वर केली.

"सख्खा भाऊ," ती म्हणाली.

"त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला तुमच्यावर कुणाचा दबाव आहे?"

"हाय," ती म्हणाली. "साक्ष देऊ नको म्हनून हाय. समद्यांचा."

मग तिनं कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.